माप घेतल्याशिवाय ब्रा विकू नका : सांगली-मिरजेतल्या दुकानदारांना खुले पत्र

सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांत बायकांचे आतले कपडे विकणाऱ्या सर्व दुकानदार बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान, खांदे, पाठ, कंबर धरून येणाऱ्या बायका तपासत एकवीस वर्षं झाली. तुमच्या धंद्याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल असं तुमच्या मनात कधी आलं नसेल. पहिली चार-पाच वर्षं माझ्याही मनात आलं नव्हतं. पण माझ्याकडे येणाऱ्या काही दुखण्यांचा अर्धा इलाज तुमच्या काउंटरवर आहे, आणि तो तिथून मिळत नाही म्हणून हे पत्र लिहिते आहे.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम. मान भरून येते, दोन्ही खांदे जड होतात, संध्याकाळी डोकं ठणकतं आणि उजव्या करंगळीला मुंग्या येतात, अशी तक्रार. मानेचा एक्स-रे झालेला, त्यात वयाप्रमाणे थोडी झीज. गोळ्या झाल्या, मलम झालं, गळ्याचा पट्टा झाला. मी त्यांना कुर्ता वर घ्यायला सांगितलं. दोन्ही खांद्यांवर ब्राच्या बंदांखाली अशा खाचा पडल्या होत्या की माझं बोट त्यात आडवं बसलं. कातडी काळवंडलेली, मधे मधे सोललेली. पाठीमागे हुकांचा पट्टा सरळ आडवा असायला हवा, तो कमानीसारखा वर चढून खांद्याच्या पात्यांपर्यंत गेलेला. हुक सगळ्यात आतल्या घरात लावलेले. बंद जितके आखूड करता येतील तितके केलेले. मी मागचा पट्टा धरून ओढला तर माझी अख्खी मूठ आत गेली.

साइज विचारली. "३८ बी. लग्नापासून तीच घालते."

मी टेप घेतली. छातीच्या खाली, बरगड्यांवर ३३ इंच. छातीच्या उंच भागावरून ३९. म्हणजे त्यांना हवा होता ३४ चा पट्टा आणि डबल डी कप. वीस-बावीस वर्षं त्या चार इंच सैल पट्टा आणि लहान कप घालून वावरत होत्या, आणि दर खेपेला कुणी तरी त्यांना तोच कागदात गुंडाळून देत होतं.

सैल पट्ट्यानं खांदा का दुखतो, ते सांगते. मूल कडेवर घेतलं की ते कंबरेच्या हाडावर टेकलेलं असतं, म्हणून बाई त्याला घेऊन तासभर फिरते. तेच मूल नुसत्या हातानं अधांतरी धरलं तर दहा मिनिटांत खांदा भरून येतो. ब्राचं असंच आहे. भार पेलायचा तो बरगड्यांभोवतीच्या पट्ट्यानं. खांद्यावरच्या बंदांचं काम कप जागच्या जागी धरण्यापुरतं. पट्टा सैल असला की तो मागून वर चढतो, पुढून छाती खाली येते, मग बाई बंद आखूड करते, आणि सगळा भार खांद्यावर येतो. मानेपासून खांद्यापर्यंत जो जाड स्नायू आहे तो दिवसभर त्या ओढीखाली आवळलेला राहतो. बंद रुतत राहिला तर हाताकडे जाणाऱ्या शिरांवरही ताण येऊ शकतो, करंगळीच्या मुंग्या कधी कधी त्याच्या असतात. छातीत स्वतःचा स्नायू नाही. तिला आतून धरून ठेवतात ते बारीक तंतू, ज्यांना ॲस्टली कूपर या इंग्रज सर्जनचं नाव आहे (त्यानं १८४० साली त्यांचं वर्णन केलं), आणि बाहेरून कातडी. मोठ्या छातीला आधार लागतो तो याच कारणानं.

मी त्या बाईंना व्यायाम दिले, बसण्याची पद्धत सुधारली, आणि ३४ डबल डी घेऊन या म्हणून सांगितलं. त्या चार दुकानं फिरल्या. चारही ठिकाणी एकच उत्तर : "३४ मध्ये बी आहे, फार तर सी मिळेल. मोठा कप पाहिजे तर ४० घ्या."

त्या वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे.

कप मोठा हवा म्हणून पट्टा मोठा द्यायचा, म्हणजे पाय रुंद आहे म्हणून चप्पल दोन नंबर लांब द्यायची. बी, सी, डी ही अक्षरं एकटी काही सांगत नाहीत. पट्ट्याचा आकडा आणि कपाचं अक्षर मिळून माप होतं. ३० डी, ३२ सी आणि ३४ बी या तिन्हींचा कप जवळपास सारखा असतो, फरक पट्ट्यात. आणि ३४ बी च्या कपापेक्षा ३८ बी चा कप खूपच मोठा असतो. डी म्हणजे "फार मोठं" असं काउंटरच्या दोन्ही बाजूंना मानलं जातं, आणि किडकिडीत मुलीला डी कप लागू शकतो यावर ती मुलगीसुद्धा विश्वास ठेवत नाही.

दुसरी चूक जुनी आहे. छातीखालचं माप घ्या आणि त्यात चार-पाच इंच मिळवा, असा हिशेब कित्येक तक्त्यांवर छापलेला असतो. २९ इंच माप असलेल्या मुलीला त्या हिशेबानं ३४ चा पट्टा मिळतो. आताच्या पट्ट्यात इलॅस्टिक असतं, ते अंगाबरोबर ताणतं, त्याला वरून चार इंचांची सूट लागत नाही. शिवाय कंपनीकंपनीचं ३४ वेगळं. म्हणून मापाची टेप ही सुरुवात आहे, खरं काय ते अंगात घातल्यावरच कळतं.

या चुका सांगली-मिरजेपुरत्या नाहीत. ऑस्ट्रेलियात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० तरुण मुली तपासल्या, त्यातल्या ८० टक्के चुकीच्या मापाची ब्रा घालत होत्या. ज्यांची छाती मोठी, त्यांचं माप चुकण्याची शक्यता जास्त. त्याच अभ्यासात, मूल न झालेल्या त्या तरुण मुलींमध्ये पाठदुखीचा आणि ब्राच्या मापाचा संबंध मात्र नगण्य निघाला. हेही सांगायला हवं, कारण ब्रा बदलली की पाठदुखी गेली, असं मी कुणाला सांगत नाही. मान-पाठ दुखण्याला दहा कारणं असतात. पण चाळिशीची बाई, भरलेली छाती, आठ तास बसून काम आणि खांद्यावर बोटभर खाच, हे सगळं एका अंगावर आलं की ती खाच बाजूला ठेवून उपचार करता येत नाहीत.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी तेरा वर्षांची असताना आई मला घेऊन बाजारात गेली. दुकानदारानं मान वर करून एकदा पाहिलं आणि मागच्या खोक्यातून काढून दिलं. आईनं विचारलं, "वाढत्या अंगाचं आहे ना?" "आहे, दोन वर्षं बघायला नको." फ्रॉक, गणवेश, रेनकोट, सगळं आमच्याकडे वाढत्या अंगाचंच यायचं, त्यात वावगं काही वाटलं नाही. मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते. पाठलाग करताना उजवा बंद खांद्यावरून घसरायचा, डाव्या हातानं तो वर ओढायचा आणि उजव्या हातानं खो द्यायचा. खांबाला वळसा घालताना पट्टा वर सरकून छातीवर यायचा. मैदानाच्या कडेला मुलं बसलेली. तीन महिन्यांत मी संघ सोडला आणि घरी सांगितलं की अभ्यास जास्त आहे. खरं कारण आई गेली तोवर तिला सांगितलं नाही. त्या दुकानदारावर माझा राग नाही, आईवर तर नाहीच. दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ ते १८ वर्षांच्या २,०८९ शाळकरी मुलींना याबद्दल विचारलं होतं. ४६ टक्के मुलींनी सांगितलं की छातीमुळे त्यांच्या खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो. ८७ टक्के मुलींना याविषयी अधिक माहिती हवी होती. हा अभ्यास २०१६ साली माझ्या वाचनात आला आणि मला आमच्या शाळेचं ते मैदान आठवलं.

आता मी पहाटे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींबरोबर मैदानावर जाते. दुखापती बघायला म्हणून गेले होते, ते नेमानं जाणं झालं. भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, १०० मीटर असतं, गोळाफेक असते, आणि एकेका गुणावर निवड होते. आजूबाजूच्या खेड्यांतून या मुली अंधारात येतात. त्यातल्या एकीची धाव मला विचित्र वाटली. पाय चांगले, दम चांगला, पण कोपरं फासळ्यांना चिकटवून पळायची. हात मागेपुढे हलायचेच नाहीत. दोन-तीन दिवस मी तिला "हात सोड, हात सोड" म्हणत राहिले. शेवटी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा खालच्या मानेनं म्हणाली, "मॅडम, दोन घातल्यात."

एकावर एक दोन ब्रा. दोन्ही ३४ बी. एक घातली की सगळं हलतं आणि दुखतं, म्हणून दोन. पट्ट्याखाली कातडी घासून रेषा लाल झाली होती, एका जागी रक्त आलं होतं. मैदानाच्या शेडमध्ये ओढणीचा आडोसा करून मी तिचं माप घेतलं : खाली २९, वर ३४. तिला ३० डी लागते. कपाचा आकार तिच्या ब्राचा बरोबर होता, पण पट्टा चार इंच सैल, त्यामुळे कप छातीला धरून ठेवत नव्हता, छातीबरोबर उडत होता. धावताना छाती नुसती वरखाली होत नाही, डावी-उजवी आणि पुढेमागेही जाते, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरते. ते दुखतं. लंडनच्या २०१२ च्या मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या १,२८५ स्त्रियांना विचारलं तर जवळपास एक तृतीयांश जणींनी छाती दुखण्याची तक्रार सांगितली, आणि त्या तर भारी बूट-कपडे घेऊन उतरलेल्या धावपटू. आमची मुलगी आठवडी बाजारातली दीडशे रुपयांची ब्रा दुहेरी घालून धावते. दोन पट्टे एकावर एक आले की बरगड्या फुलायला जागा राहत नाही, श्वास उथळ होतो, आणि शेवटच्या दोनशे मीटरला दम संपतो. ती म्हणते, "मॅडम, स्टॅमिना कमी पडतो."

तिच्याबरोबरच्या बाकी मुलींनाही विचारलं. दोन घालणारी ती एकटी नव्हती.

आता कातडीचं. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. कप लहान किंवा पट्टा सैल असला की छाती उचलली जात नाही, खालची घडी अंगाला चिकटून राहते, तिथे घाम साचतो. आधी लाली, मग आग, मग बुरशी. नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा, एकदा तिथे बसला की हलत नाही. बायका ते कुणाला दाखवत नाहीत. मेडिकलमधून ट्यूब आणतात, त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, चार दिवस खाज थांबते आणि मग दुप्पट पसरते. स्टिरॉइडनं कातडी पातळ होते ती वेगळीच. त्यात भर म्हणजे आपण ब्रा वाळत घालतो ती परकराखाली, टॉवेलखाली, बाथरूमच्या खिळ्याला, कुणाला दिसू नये म्हणून. तिला ऊन लागतच नाही. दमट कापड सकाळी पुन्हा अंगावर चढतं. हे तुमच्या हातात नाही, मान्य. पण विकताना "ही उन्हात वाळवा, आणि रोज बदलायला किमान तीन ठेवा" एवढं सांगितलं तर बाई ऐकेल. दुकानात सांगितलेलं लक्षात राहतं.

बाळंतिणीचं तर फारच मनाला लागतं. परवा एक मुलगी आली, बाळ अठरा दिवसांचं, माहेरी आलेली. पाठ दुखते म्हणून आईनं माझ्याकडे आणली. अंगात ताप, डाव्या छातीच्या बाजूला लाल चट्टा आणि दगडासारखी गाठ. तिच्या अंगावर लग्नातली, वायरची, गच्च ब्रा. गरोदरपणात आणि पान्हा फुटल्यावर छातीचं माप किती बदलतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवी आणायला गेलेल्या भावजयीनं जुनीच साइज सांगितली आणि दुकानातून तीच आली. वायर जिथे रुतत होती तिथेच गाठ. दूध साचायला इतरही कारणं असतात, बाळ नीट न पिणं हे सगळ्यात मोठं. पण एकाच जागी रोजचा दाब पडत असेल तर तिथलं दूध पुढे सरकत नाही, आणि साचलं की सूज येते. मी ब्रा काढायला लावली, बाळाला पाजायला घेतलं आणि लगेच तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तुमच्याकडे कुणी बाळंतिणीसाठी ब्रा मागायला आलं तर पहिला प्रश्न "किती महिने झाले?" हा विचारा, आणि वायरची देऊ नका. मऊ, पुढून उघडणारी, जराही न रुतणारी द्या.

पाळीच्या आधी ज्यांची छाती दुखते त्यांच्याबद्दल एकच सांगते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीच्या दुखण्याच्या २०० बायकांपैकी निम्म्यांना डॅनॅझॉल नावाचं औषध दिलं आणि निम्म्यांना बारा आठवडे स्पोर्ट्स ब्रा घालायला लावली. औषधानं ५८ टक्क्यांना आराम पडला, ब्रानं ८५ टक्क्यांना. औषधाचे त्रास झाले ते वेगळे. दुकानातली एक वस्तू गोळीपेक्षा सरस ठरली. तुम्ही काय विकता याचा मान तुम्हालाच कळावा म्हणून हे लिहिते.

आणि एक भीती घालवायची आहे, कारण ती तुमच्या दुकानातूनही पसरते. काळी ब्रा घातली, रात्री घालून झोपलं, वायरची घातली, तर कॅन्सर होतो, असे निरोप मोबाईलवर फिरतात. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी २०१४ साली ५५ ते ७४ वयाच्या दीड हजारांच्या आसपास स्त्रियांची माहिती तपासली. कपाचं माप, वायर, दिवसातले तास, कोणत्या वयापासून घालायला लागल्या, यातल्या कशाचाच स्तनाच्या कॅन्सरशी संबंध सापडला नाही. ब्रानं कॅन्सर होत नाही. पण भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे, म्हणून गाठ लागली, बोंडातून रक्तासारखं पाणी आलं, कातडी आत ओढली गेली, तर ब्राला दोष देत बसू नये, तडक डॉक्टर गाठावा.

माझी आजी खणाची चोळी घालायची. शिंपी तिच्या अंगाचं माप घ्यायचा, तेही परकर-पोलक्यातल्या मुलीपासून म्हातारीपर्यंत प्रत्येकीचं वेगळं. पुढे छातीखाली गाठ. अंग भरलं की गाठ सैल, अंग उतरलं की घट्ट. बाळंतपणात वेगळी, उतारवयात वेगळी. शेतात वाकून काम करताना ती गाठ ओढून घट्ट बांधायची, मला अजून दिसते. त्या चोळीत आताच्या कपासारखा आधार होता असं मी म्हणत नाही. पण तिचं कापड तिच्या मापाचं होतं, आणि रोज सकाळी ती ते स्वतःच्या हातानं जुळवून घेत होती. आम्ही तयार माल घ्यायला लागलो आणि त्या दोन्ही गोष्टी विसरलो.

तुमची अडचण मला दिसत नाही असं समजू नका. माझा चुलतभाऊ होजिअरीच्याच धंद्यात होता. माल डझनाच्या खोक्यात येतो, त्यात ३२, ३४, ३६ बी भरलेल्या असतात, वेगळ्या साइज मागितल्या तर वितरक म्हणतो वर्षभर पडून राहतील. दुकान दहा बाय बारा, भाडं वाढलेलं. अंगात घालून पाहिलेला माल परत आला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला कसा द्यायचा, हा प्रश्न खरा आहे. आणि बाईमाणूस दुकानात नसताना टेप घेऊन पुढे यावं तर बदनामीची भीती. म्हणून गिऱ्हाईक आलं की तुम्ही घाईनं देता आणि तीही घाईनं घेते. कुजबुजत साइज सांगते, शेजारी दुसरा पुरुष उभा असेल तर रंगही बघत नाही, काळ्या पिशवीत घेऊन अर्ध्या मिनिटात बाहेर. मागे पाटी : "आतील कपडे बदलून मिळणार नाहीत." घरी जाऊन घातल्यावर कळतं की रुततंय, पण दोनशे रुपये गेलेले असतात. मग ती म्हणते "होईल सैल", आणि वर्षभर तीच घालते.

तेव्हा जेवढं शक्य आहे तेवढंच मागते.

दुकानाच्या एका कोपऱ्यात पडदा लावा, आरसा लावा. चार बाय तीन फूट पुरेल. प्रत्येक प्रकारातला एक नग फक्त घालून बघायला वेगळा ठेवा, तो पातळ बनियनवरून घालायला सांगा आणि आठवड्याला धुऊन टाका. विकायचा माल कोराच राहतो. एक बाई ठेवा, दिवसभर नको, दुपारी तीन तास ठेवा, आणि त्या वेळेची पाटी बाहेर लावा. बायका ती वेळ बघून येतील, मी पाठवेन. मोठ्या पट्ट्याबरोबर मोठा कप सगळेच ठेवतात, तुम्ही ३० आणि ३२ च्या पट्ट्यात सी, डी, डबल डी यांचे दोन-दोन नग तरी ठेवा. एका दुकानाला नाही परवडलं तर चार दुकानांनी वाटून घ्या आणि एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवा. सोन्याच्या दुकानात करतात ना तसं, "आमच्याकडे नाही, शेजारी मिळेल."

आणि घालून बघणाऱ्या बाईला काय बघायचं ते सांगा. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे सैल होणार आणि तेव्हा आतली घरं कामाला येणार. मागचा पट्टा पुढच्याच उंचीवर, जमिनीला समांतर. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ नको. पुढे दोन कपांच्या मधला भाग हाडाला टेकलेला. कपाच्या वरून किंवा काखेकडून मांस बाहेर येत असेल तर कप लहान, कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. शेवटी दोन्ही बंद खांद्यावरून खाली उतरवून दोन मिनिटं उभं राहायचं. ब्रा जागेवर राहिली तर पट्टा बरोबर आहे. माझ्या त्या पंचेचाळिशीच्या बाईंनी ही परीक्षा जुन्या ब्रावर केली तेव्हा ती सरळ कंबरेकडे निघाली, आणि त्या टेबलावर बसून रडल्या. वीस वर्षं त्या स्वतःच्या अंगाला दोष देत होत्या.

त्यांना शेवटी ३४ डबल डी पुण्याहून बहिणीनं पाठवली. सहा आठवडे झाले. करंगळीच्या मुंग्या थांबल्या आहेत, डोकं आठवड्यातून एखाद्या वेळी दुखतं, मानेचे व्यायाम चालूच आहेत. खांद्यावरची खाच अजून आहे, ती भरायला वेळ लागेल.

शिकवायचं काम माझ्याकडे. तुमच्या पेठेची आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी दुपारी दोन ते चार मी मोकळी असते. तुमच्याकडे कामाला असलेल्या बाईला पाठवा. बाई नसेल तर घरातल्या कुणालाही पाठवा, बायको, सून, लेक. माप कसं घ्यायचं, कपड्यावरून कसं घ्यायचं, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे दोन दुपारींत येतं. पैसे नकोत. टेप मी देईन.

आणि एक काम तातडीचं. भरतीच्या त्या मुलीची मैदानी चाचणी जवळ आली आहे. तिला ३० डी हवी आहे, सुती, रुंद बंदांची, बिनवायरची. दोन नग लागतील. तुमच्यापैकी कुणाच्या खोक्यात तळाशी पडून असेल तर बाजूला काढून ठेवा. रविवारी सकाळी मैदानावरून तिला थेट घेऊन येते.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
सांगली